माणसांची फीत

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत खंडेनवमीला घरोघरी विळे-कोयते पुजले जात. रंगनाथ मास्तर मात्र कात्री आणि मापाची फीत पुजत, आणि मग त्याच फितीने साऱ्या गल्लीच्या छात्या मोजत. चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणाचीही सुटका नसे. आकडे दुकानाच्या भिंतीवर खडूने चढत. "राष्ट्र चढून राह्यलं का उतरून, ते इथं कळतं," असे मास्तर म्हणत.

तरुणपणी त्यांनी जुन्या राजवटीच्या फौजेत वर्द्या शिवल्या होत्या. राज्ये का बुडतात, याविषयीचे त्यांचे सारे ज्ञान शिवणीतून आलेले. "शेवटच्या साली पट्ट्यांना नवी भोकं पाडून देत होतो. बाहेर ही मोठी तोफ, अन् शिपाई वर्दीत असा हालून राह्यला, घंटेतल्या लोलकावानी. तवाच म्हणलो, गेलं."

"मंग सरहद्दीवर शिलाई मशीनच लावा की, मास्तर," चहावाला म्हणे.

"तोफ रोज जेवत न्हाई. चालवणारा जेवतो."

बांगलादेशची लढाई पेटली तेव्हा गल्ली रेडिओभोवती गोळा झाली. मास्तर स्टेशनावर जाऊन गाडीतल्या जवानांच्या कंबरा पाहून आले. "पट्टे बराबर बसलेत. जितणार." जिंकलो. कित्येक दिवस त्यांची मान इस्त्रीच्या कॉलरसारखी ताठ होती.

त्यानंतरचा पावसाळा कोरडाच सरला. विहिरींच्या तळाशी करड्या मातीचा वास उरला. नवे कपडे शिवणार कोण? बायका जुनी पोलकी आटवायला, शिवण आत घेऊन घट्ट करायला, आणू लागल्या. मास्तरांच्या पत्नी गंगाकाकू रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. संध्याकाळी परतल्या की त्यांच्या पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ असे आणि पदराला उन्हाचा करपट वास.

त्या खंडेनवमीला मला वाटले, मास्तर या वर्षी फीत काढणार नाहीत. त्यांनी काढली. ज्याच्या बरगड्या सदऱ्यावरून मोजता याव्यात, त्याच्याही छातीभोवती फीत फिरवून ते म्हणाले, "बराबर. मागच्या सालाइतकीच." माणूस जरा सरळ होऊन घरी गेला.

गर्दी ओसरली तेव्हा फीत खुंटीला लटकत होती. तिचा पहिला दिसणारा आकडा तीन होता. आधीचे दोन इंच सफाईने कापलेले; म्हणजे प्रत्येक छाती दोन इंच जास्तच भरणार.

"मास्तर, ही फीत..."

"कापडाची दुसरी हाये, बाई." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "ही माणसांची."

एवढ्यात काकू कामावरून आल्या. मास्तरांचे सारे धैर्य काकूंच्या या एका मापासाठी गोळा झाले होते, हे मला तेव्हा उमगले. ते आत पाणी प्यायला गेले, तशा काकू माझ्या कानाशी आल्या.

"तुमाला दिसलं ना? मला कवाच ठाव हाये. माझी पोलकी बी गुपचूप आटवून ठेवून राह्यलेत, सैल व्हायला नको म्हणून. मला ठाव हाये, हे बोलू नका त्यांना. त्यांचं राज्य बुडंल."

मास्तर बाहेर आले. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि फीत अंगाला लागण्यापूर्वी त्यांनी खोल, खूप खोल श्वास भरून घेतला.

मास्तरांनी आकडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बराबर," ते म्हणाले, आणि भिंतीवर लिहायला खडू शोधू लागले. खडू त्यांच्या कानावरच होता.