अकरा दिवसांनी ज्येष्ठ

नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या, माइक, फुलांचे गुच्छ, पदकाची मखमली डबी असं सगळं जागेवर होतं. फक्त पदक लावणारे नगराध्यक्ष नव्हते. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत ते पाहुणे परीक्षक होते, आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला उपाध्यक्षांपासून खातेप्रमुखांपर्यंत सगळे दोन बस भरून गेले होते.

पहिल्या खुर्चीत सैन्यातले निवृत्त ड्रायव्हर ताठ बसले होते. बावीस वर्षांपूर्वी तोफांच्या माऱ्यात एका पुलावरून सात खेपा करून त्यांनी जखमी जवान बाहेर काढले होते. आठव्या खेपेला गाडी गेली आणि गुडघाही गेला. फाइल इतकी वर्षं फिरून आज कुठे पदक आलं होतं. ते घेऊन आलेल्या मेजरबाई घड्याळ बघत होत्या.

"मला बाराला निघायलाच हवं," त्या हेडक्लार्कना म्हणाल्या. "पुढच्या गावी एक आई थांबलीय. तिचा मुलगा परत आला नाही. तिला मी ताटकळत ठेवणार नाही."

"मग हे पदक?"

"लावायचं तुमच्या नगरपालिकेनं. नाहीतर पोस्टानं पाठवू."

पोस्टानं आलेलं काहीही आधी याच इमारतीतल्या आवक विभागात जातं, आणि आवक विभाग सगळ्यांना पुरता माहीत होता.

हेडक्लार्कनी फोन लावला. नगराध्यक्षांच्या मदतनिसानं उचलला. "साहेबांचा मेकअप चाललाय. असं करा, व्हिडिओ कॉल लावा. पदक कुणीतरी लावा, साहेब इकडून हात हलवतील."

"आणि सॅल्यूट कुणाला ठोकायचा? मोबाइलला?"

"का, स्टँड नाहीये का तुमच्याकडे?"

हेडक्लार्कनी फोन ठेवला आणि परिपत्रकांची फाइल काढली. त्यांचा देवापेक्षा परिपत्रकांवर जास्त भरवसा होता, आणि तीही त्यांना सहसा पावत. नगरपालिकेचा पदाधिकारी, अधिकारी कुणीच नसेल, तर हजर असलेल्यांत ज्याची नोकरी सर्वांत जास्त झाली असेल, त्या कर्मचाऱ्याच्या हस्ते सन्मान करावा, असं स्वच्छ लिहिलं होतं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "एकतीस वर्षं झाली." त्यांनी केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग निव्वळ सवयीनं सेवापुस्तकं काढून तारखा ताडून पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अकरा दिवस," ते पुटपुटले. "माझ्याआधी अकरा दिवस एक बाई रुजू झाल्यात. आणि आज हजर आहेत."

दारात सफाई विभागातल्या मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याच्या सत्काराला त्यांनी रजा घेतली नव्हती, कारण मग सभागृह कुणी पुसलं असतं?

"काय बघताय सगळे? पंखा वाढवू?"

"मावशी, पदक तुम्हीच लावायचं."

"ह्यांना? मी?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय गप्प बसलात? सांगा की यांना."

"मी काय सांगणार? परिपत्रक आहे," ड्रायव्हर म्हणाले.

एवढ्यात हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. पराक्रमाचं वर्णन वाचून दाखवायचं होतं, आणि तो कागद नगराध्यक्षांच्या खिशात मेकअपच्या खुर्चीवर बसला होता.

"कागद कशाला लागतो?" मावशींनी फडकं बाजूला ठेवलं आणि माइकसमोर गेल्या. "झोपेत मोजतात हे. एक, दोन करत सातपर्यंत. सातला बत्तीस माणसं होतात. आठव्या खेपेला तिघं होते, ते राहिले. तिथं आले की उठून बसतात. मग मी पाणी देते. बावीस वर्षं ऐकतेय, पाठच झालंय मला."

मेजरबाईंनी डबी मावशींपुढे धरली.

मावशींनी डबी उघडली. "पोट आत घ्या. हलू नका, टोचेल," असं बजावत त्यांनी पदक अगदी सरळ लावलं. ड्रायव्हर काठी सोडून एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मेजरबाई मावशींच्या कानाशी म्हणाल्या, "तुम्ही मान हलवलीत की ते हात खाली घेतील."

मावशी तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, मान हलव की," ड्रायव्हर ओठ न हलवता पुटपुटले.

"हलवते," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबलात, अजून जरा थांबा. मला नीट बघू दे."