पाहुणीचं ताट

आप्पांच्या समोर एकाच वेळी दोन ताटं आली, तेव्हा त्यांना वाटलं, कोणीतरी जेवायला येणार आहे.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," सूनबाई म्हणाली. "एक तुमचं आणि एक बरणीचं."

आप्पांनी ओट्यावरच्या रुंद तोंडाच्या पांढऱ्या बरणीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. मग बायकोकडे, माईंकडे पाहून हळूच म्हणाले, "हिचं डोकं ठीक आहे ना?"

सूनबाईचं डोकं चांगलंच ठीक होतं. लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी ती पुन्हा कॉलेजात गेली होती आणि पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आता असल्या कामासाठी काय काय यंत्रं निघाली असतील. पण तेव्हा म्हातारी माणसं खरोखर काय खातात हे शोधायची एक भाबडी आणि पक्की रीत होती. जेवढं माणसाच्या पोटात जाईल, तेवढंच आणि तसंच बरणीत टाकायचं. त्याने भाताची मूद खाल्ली, की बरणीलाही तेवढीच मूद. त्याने अर्धं केळं पानात टाकलं, तर बरणीच्या ताटातलंही अर्धं काढून ठेवायचं. बरणी फ्रीजमध्ये ठेवत असा आठवडा काढायचा आणि बरणी प्रयोगशाळेत न्यायची. तिथे ते सगळं वाळवून, दळून, भट्टीत जाळून त्यात काय काय होतं ते काढायचं.

या अभ्यासासाठी सूनबाईने धरलेली घरं एकेक करून गळाली होती. एका आजींनी बरणीतलं गाईला घातलं, एक आजोबा मध्येच लेकीकडे निघून गेले. मार्गदर्शक मॅडमनी निक्षून सांगितलं होतं, "हे शेवटचं घर. हेही गेलं तर तुमचा प्रबंध पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीची फी नवरा भरणार नव्हता असं नाही, पण त्याने ज्या तऱ्हेने सुस्कारा सोडला असता, तो तिला नको होता.

"म्हणजे," आप्पा सगळं ऐकून म्हणाले, "ही बरणी म्हणजे माझं दुसरं पोट."

"अगदी तसंच, आप्पा."

आप्पा थक्क झाले. उभा जन्म त्यांनी धान्याच्या गोदामावर काढला होता. आत काय आलं नि बाहेर काय गेलं याचा मेळ घालण्यात केस पांढरे झाले होते. पण आपल्या स्वतःच्या गोदामाचाही कोणी असा मेळ घालील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी बरणीला 'पाहुणी' म्हणायला सुरुवात केली.

"पाहुणीला वाढलंस का?" "पाहुणीला डाळ कमी पडली बघ." एकदा तर स्वतःच्या ताटातला बटाटा मोठा दिसला म्हणून त्यांनी तो वजनाच्या काट्यावर ठेवायला लावला.

"एवढी काळजी माझ्या ताटाची कधी केली नाहीत," माई म्हणाल्या.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाईने बरणीचं वजन केलं आणि तिचा चेहरा उतरला. वहीतल्या बेरजेपेक्षा बरणी जड भरत होती.

तिने काटा तपासला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची वजनं मागून आणून पुन्हा तपासला. काटा सरळ होता. तिसऱ्या दिवशी बरणी पुन्हा जड.

"तुम्ही बरणीत काही टाकता का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी? मला माझ्याच ताटातलं पुरत नाही!"

"मांजर असेल," माई म्हणाल्या.

"माई, मांजर नेतं. आणून टाकतं का कधी?"

आप्पा त्या वेळी छताच्या पंख्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

माईंचंही हल्ली मांजरात लक्ष नव्हतं. त्या दुसऱ्याच काळजीत होत्या. आप्पांचे रुमाल धुताना त्यांना रोज लाल डाग दिसत होता. साबण घासघासून त्यांच्या बोटांची सालं निघाली, डाग हटेना. आप्पा संध्याकाळी फिरून आले की त्या त्यांच्या छातीकडे बघत, खोकतात का ते ऐकत. सुनेचा प्रबंध अडलेला, तिच्या डोक्याला आणखी घोर नको, म्हणून बोलत नसत. वर्षभरापूर्वी शेजारच्या काकांना चक्कर आली, तेव्हापासून माईंनी कोणत्याही डॉक्टरला न विचारता आप्पांची साखर बंद केली होती. रोज संध्याकाळी 'बाहेर काही खाल्लंत तर बघा' असा दम असे. या आठवड्यात दमही नाही. उलट "दमलात का? जरा पडा," असं मऊ बोलणं. आप्पांना त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

शेवटी सूनबाईने रडत मॅडमना फोन केला. आठवडा संपला त्या सकाळी मॅडम स्वतः आल्या. उंच, कडक, बोलताना चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी हातमोजे चढवले आणि बरणी मोठ्या परातीत रिकामी केली. भात, डाळ, अंडं, केळं यांचा तो लगदा पाहून आप्पांचा मुलगा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मॅडमनी चमच्याने बाजूला सारत सारत एक पांढरा, फुगीर तुकडा वर काढला.

"ही क्रीमची पेस्ट्री आहे."

"आमच्या घरात?" माई उसळल्या. "वर्ष झालं, या घरात साखरेला मुंगी येत नाही!"

मॅडमनी आणखी एक तुकडा काढला. मग आणखी एक. सूनबाई भिंतीला टेकली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "कोणी उगाच टाकली असेल, तर हे घर रद्द. सगळं फेकून द्यायचं."

"आणि उगाच टाकली नसेल तर?" मागून आवाज आला.

"म्हणजे?"

"म्हणजे..." आप्पा घसा खाकरत म्हणाले, "कोणी खाऊन टाकली असेल तर?"

"तर ही बरणी सोन्याची. पण खाणाऱ्याने तसं सांगायला हवं. माझ्यासमोर."

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मग माईंकडे पाहिलं. माईंच्या डोळ्यांत पाणी बिलकूल नव्हतं. गोदामात उंदीर निघाले तेव्हासुद्धा आप्पा इतके घाबरले नव्हते.

"मी," ते म्हणाले. "रोज फिरायला जातो तेव्हा. कोपऱ्यावरच्या बेकरीत. एक मी खायचो, एक पाहुणीसाठी कागदात बांधून आणायचो. या दोघी दिवे लावायला गेल्या की टाकायचो."

"पण कशाला?" मुलगा ओरडला. "खायची ती खायची, गप्प बसायचं!"

"अरे, तुझ्या आईशी खोटं बोलता येतं, तिला सवय आहे. पोटाशी कसं बोलणार?"

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अख्खी खायचात?"

"चेरी सोडून. मला चेरी आवडत नाही. म्हणून पाहुणीचीही काढून ठेवायचो."

मॅडम खुर्चीवर बसल्या. चष्मा काढला. "एवढ्या वर्षांत चोरून खाणारे पुष्कळ पाहिले," त्या अगदी हळू म्हणाल्या. "चोरून खरं सांगणारा पहिलाच." आणि त्यांनी सुनेला सांगितलं, "लिहून घ्या. चेरी वगळून."

सगळे माईंच्या तोंडाकडे बघू लागले.

"त्या चेरींचं काय केलंत?" माईंनी विचारलं.

"रुमालात गुंडाळायचो. वाटेत टाकून द्यायचो."

माई मटकन खाली बसल्या. "मेल्या त्या चेरी! अहो, मी आठवडाभर तो डाग घासतेय. मला वाटलं, तुमच्या छातीतून..." पदर तोंडाला लावून त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम. आप्पांना ओरडा खायची इतकी तयारी होती, की त्यांना काय करावं कळेना. ते उगाच म्हणाले, "पाणी देऊ?"

पुढे काही दिवसांनी सूनबाईने दोघांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. चिनी मातीच्या एका इवल्याशा वाटीत तळाला चिमूटभर पांढरी राख होती.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचं आठवड्याचं जेवण, आप्पा. म्हणजे त्यातला मोजून घेतलेला वाटा. पाणी उडालं, बाकीचं जळालं. एवढं उरलं. यातूनच तुमच्या हाडांना काय मिळालं ते कळतं."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. आयुष्यात हजारो पोती मोजलेला तो माणूस त्या वाटीवर वाकून कितीतरी वेळ उभा राहिला. फुंकर लागेल म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला होता.

माईंनीही वाकून पाहिलं. "यात पेस्ट्री कुठली नि भात कुठला?"

"आता ओळखू येत नाही, माई."

"बघा," माई आप्पांना म्हणाल्या. "शेवटी ओळखूही येत नाही. मग माझ्यापासून लपवलीत कशाला?"

परत येताना माई बेकरीपाशी थांबल्या. आप्पा दोन पावलं पुढे गेले, तिथेच खिळले.

"आजोबा, नेहमीप्रमाणे दोन ना?" बेकरीवाल्याने विचारलं.

"दोनच," माई म्हणाल्या. "आणि आठवड्यातून एकदाच."

दोघं बाकावर बसली. आप्पांनी बशीकडे पाहिलं, मग माईंच्या बशीकडे. "अगं, पण पाहुणी तर गेली परत. ही दुसरी कोणाची?"

माईंनी हात लांब करून आप्पांच्या पेस्ट्रीवरची चेरी उचलली आणि तोंडात टाकली.

"मला आवडते," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी विचारलंत?"