पासपोर्टला हळद-कुंकू

“अडचणी येऊ द्यात की! देवावर भरवसा असला ना, की आपण आपलं पुढं चालायचं. अडचणींचं काय करायचं ते देव बघून घेतो!”

राजुरीचा सुतार अमृत साळवे रविवारच्या उपासनेत असं ठणकावून बोलला, तेव्हा सगळ्या ख्रिस्ती मंडळीनं टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी त्याला पाच मिनिटं दिली होती. अमृतनं पस्तीस घेतली! घेणारच. पुण्याहून सहा जणांची मिशनची तुकडी दहा दिवसांसाठी केनियाला निघाली होती, तिथल्या एका शाळेला बाकं करून द्यायला. आणि त्या सहा जणांत रंधा सरळ धरता येणारा अमृत एकटाच होता.

गावालाही चेव चढला. स्टँडवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर अमृतच्या अंगात कोट होता, जो त्यानं जन्मात घातला नव्हता. डाव्या खांद्यातून विमान निघालं होतं, उजवीकडं सिंह बसला होता, आणि सरपंच धर्माजींचा फोटो सिंहापेक्षा मोठा होता. चावडीपुढं सत्कार झाला. शाली किती आल्या ते सोडा, नारळ अकरा आले!

सत्कारात अमृतनं पासपोर्ट सगळ्यांना बघायला दिला. फिरत फिरत तो शेजारच्या ठमाकाकूंच्या हातात गेला. अमृत सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून या काकूंनी त्याला भाकरी भरवली होती. काकूंचा एक नेम होता. ट्रॅक्टर असो, मिक्सर असो नाहीतर मोबाइल, नव्या वस्तूला हळद-कुंकू लावल्याशिवाय ती वापरायला काढायची नाही.

“आन् ह्यो तर इमानात बसणार हाय!” काकू म्हणाल्या.

त्यांनी पासपोर्ट उघडला, आतल्या फोटोच्या कपाळाला कुंकू लावलं, खालच्या आकड्यांवर हळदीची पाच बोटं ओढली, शेजारीच नारळ फोडला आणि पाणी सढळ हातानं शिंपडलं.

मोहिनी, म्हणजे अमृतची बायको, घाबरून म्हणाली, “अहो, भिजला की!”

“अगं, वाळला की झालं!” अमृत हसला.

मुंबईच्या विमानतळावरचा साहेब मात्र हसला नाही.

“हे पिवळं काय आहे?”

“हळद आहे साहेब.”

“आणि हे लाल?”

“कुंकू.”

साहेबानं पासपोर्ट नाकाशी नेला. “आणि हा वास कसला?”

“नारळाचं पाणी,” अमृत खाली मान घालून म्हणाला.

पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्रानं तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा तोंड फिरवलं. खराब झालेल्या पासपोर्टवर जाता येणार नाही, असं साहेबानं शांतपणे सांगितलं. तुकडीतल्या पाच जणांनी तिथंच अमृतच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. “अमृतभाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना, देवावर भरवसा ठेवायचा!” असं म्हणून ते आत निघून गेले. त्या क्षणी अमृतला भरवसा सोडून बाकी सगळं सुचत होतं.

मुंबईहून पुण्याला परतून, राजुरीकडं येणाऱ्या एसटीत बसून त्यानं मोहिनीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, “मग या घरी. हसतील दोन दिवस लोक.”

“लोकांचं जाऊ दे गं. पण काकूंना कळलं तर? त्या हाय खातील! म्हणतील, माझ्या हातानं पोराचं वाटोळं झालं.”

 “मग या दहा दिवसांनी,” मोहिनी म्हणाली.

मंचरच्या स्टँडवर समोरच भीमाशंकरची गाडी लागली होती. अमृत हत्यारांची पेटी, सत्काराचे नारळ आणि काकूंनी केनियाच्या लेकरांसाठी दिलेला लाडवांचा डबा घेऊन तिच्यात चढला. त्या वाटेवरच्या तळेघरचे सावळेराम गुरुजी ओळखीचे होते. गाडी डिंभ्याला थांबली ती थांबलीच. कंडक्टर म्हणाला, “बंद पडली. फुडं जायाची न्हाई, पावणं.” मग मिळेल त्या जीपनं आणि उरलेलं अंतर पायी, डोक्यावर पेटी! वाटेत अमृतनं देवाला जे जे सुनावलं, ते उपासनेत सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यानं देवाशी अबोलाच धरला.

त्याला दारात बघून गुरुजी चकित झाले. “आरं, तू तर केनियाला निघालेला ना?”

“निघालोय. मधे थांबलोय,” अमृत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या शाळेत तो नुसता बसायला म्हणून गेला, तर बसायला जागाच नाही! तेवीस बाकं व्हरांड्यात एकमेकांवर पडलेली, कुणाचा पाय मोडलेला, कुणाची फळी निखळलेली, आणि पोरं जमिनीवर. अमृतनं थोडा वेळ कळ काढली. मग पेटी उघडली.

आठ दिवसांत तेवीसची तेवीस बाकं उभी राहिली. लाडू दुसऱ्याच दिवशी संपले, नारळांची चटणी झाली. इकडं राजुरीत मोहिनी विचारणाऱ्यांना “सुखरूप पोचले” एवढंच सांगत होती. कुठं पोचले, ते कुणी विचारलं नाही म्हणून ती सांगतही नव्हती.

शेवटच्या दिवशी पोरं बाकांवर बसली आणि एका सुरात पाढे म्हणायला लागली. अमृतला एकदम भरून आलं. अबोला सोडून तो मनात म्हणाला, ‘देवा, इथंच आणायचं होतं तर आधी सांगायचंस की! पेटी तरी हलकी केली असती.’

दहाव्या दिवशी तो राजुरीच्या स्टँडवर उतरला, तर समोर नवा फ्लेक्स! ‘केनिया दौरा यशस्वी’. आता विमान उलट्या दिशेनं उडत होतं. ताशा वाजला, हार पडले, धर्माजींनी हातात माइक दिला. पहिल्याच रांगेत ठमाकाकू पदर सावरून बसलेल्या.

 खोटं बोलावं तर देव ऐकत होता, आणि खरं बोलावं तर काकू ऐकत होत्या.

“मी केनियाला गेलोच नाही,” तो म्हणाला. “पासपोर्ट खराब झाला. चूक माझीच. मोहिनी सांगत होती भिजला म्हणून, मीच म्हणालो, वाळला की झालं.”

“गप बस!” ठमाकाकू उठल्या. “हळद-कुंकू म्या लावलं, नारळ म्या फोडला, आन् चूक तुझी व्हय? माझी भाची तळेघरला दिली हाय. तिसऱ्या दिशीच तिचा फोन आला, तुमचा सुतार हितं बाकं ठोकतोय म्हून. लई रडले बघ. मग तिनं सांगितलं, मावशे, रडतीस कशाला, आमची पोरं भुईवर बसत व्हती!”

अमृत थक्क झाला. “म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं?”

“समद्यास्नी,” धर्माजी म्हणाले.

“मग हा सत्कार?”

“फ्लेक्स आदीच छापला व्हता, राव!”

पुढं नवा पासपोर्ट आला. वर्षअखेरीस दुसरी तुकडी निघणार होती, तिच्यात अमृतचं नाव पक्कं झालं. त्यानं पासपोर्ट आधी काकूंनाच दाखवला. “बघू दे की जरा,” म्हणत त्या घरी घेऊन गेल्या. त्यांचं मन मोडायला नको म्हणून तोही काही बोलला नाही. “फक्त पाण्याचा थेंब लागू देऊ नका,” एवढंच म्हणाला.

तासाभरानं काकू झेरॉक्सवाल्याकडून परतल्या. चेहरा नुसता फुलला होता.

“थेंब कसला लागतोय! आता समिंदरात पडला तरी भिजायचा न्हाई. फोटोचं पान उघडं करून दोनी बाजूंनी लॅमिनेशन मारून आणलंय!”

अमृतनं तो चकचकीत, ताठ, कायमचा उघडा राहिलेला पासपोर्ट हातात घेतला. काकूंच्या आनंदी तोंडाकडं पाहिलं. एकदा वर आभाळाकडं पाहिलं.

“मोहिनी,” तो आत वळून म्हणाला, “पेटी काढ. डिंभ्याच्या शाळेची दारं मोडलीत म्हणे.”