रस्त्याकडे पाठ

बारामतीजवळ जळोचीला आमच्या घरासमोर एक गृहस्थ रोज संध्याकाळी साडेचार ते सात वाजेपर्यंत रस्त्याकडे पाठ करून बसतात. बसायला साधी खुर्ची चालत नाही. दुधाच्या टँकरमधली ड्रायव्हरची जुनी सीट, तिला वेल्डिंग करून बसवलेले चार लोखंडी पाय, आणि त्यातले मागचे दोन पाय डांबरावर. मागून डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर जातात, सीटच्या स्प्रिंगा वाजतात, पण गृहस्थ मान वळवत नाहीत. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गल्लीतली पोरं खेळत असतात. त्यांच्याकडे बघत भाजलेल्या शेंगा फोडत राहतात.

हे बाबालालचाचा. तीस-एक वर्षं त्यांनी बारामती ते मुंबई दुधाचा टँकर चालवला. एवढ्या वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत. हमीदाचाची सांगतात आणि चाचा तेवढ्यापुरते बहिरे होतात. कशावरही त्यांचं मत विचारा, सुरुवात ठरलेली. "डायवरचं डोकं डायवरलाच ठाऊक."

आमची ओळख भांडणातून झाली. समोरचा रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि गाड्यांना पंख फुटले. माझी मुलगी रेवा तेव्हा पहिलीत होती आणि सगळा वेळ त्या प्लॉटवर. मी इंदापूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लिहिलेलं माणसं वाचतात, यावर माझा धंद्यापोटीच विश्वास. तेव्हा अर्ज-विनंत्या करून मी रस्त्याच्या कडेला पाटी लावून घेतली. पिवळी जमीन, पळणारा मुलगा, खाली ठळक अक्षरांत 'सावकाश! मुले खेळत आहेत.' नारळ फोडायला गल्लीतले ज्येष्ठ म्हणून चाचांना बोलावलं. त्यांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पाटी खालीवर न्याहाळली.

"शोभा झ्याक झाली," ते म्हणाले. "आता पोरं कोण सांभाळणार?"

मला राग आला. महिनाभर मी धावपळ केली होती आणि यांना शोभा दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी माझ्या पाटीची परीक्षा सुरू केली. पाटीपासून वीस पावलं पुढे उभं राहायचं आणि मोटारसायकलला हात करायचा. म्हाताऱ्याला पुढच्या चौकापर्यंत जायचं असेल, म्हणून लोक थांबायचे.

"आत्ता मागं पाटी गेली. तिच्यावर काय लिव्हलंय?"

पहिला म्हणाला, "कुठली पाटी?" दुसरा म्हणाला, "कुणाचा तरी वाढदिवस असंल." तिसऱ्याने उत्साहाने विचारलं, "प्लॉट इकायचाय का?" चौथी मी होते. इंदापूरहून निघायला उशीर झाला होता आणि स्कूटी जोरात होती.

"म्याडम, ही पाटी कुणी लावली?"

"मी."

"मग तुमी तरी वाचायची."

"मला तोंडपाठ आहे," मी म्हणाले, आणि स्कूटी ढकलत घरी गेले. चालवायची हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या मोटारसायकलवाल्याचं म्हणणंही खरं झालं. पाटीवर कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. पळणाऱ्या मुलाच्या जागी काळा गॉगल लावलेला तरुण हात जोडून उभा. मी तो काढायला निघाले तर चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्येच्याकडं निदान चार माणसं बघत्यात."

मग एका संध्याकाळी ती सीट रस्त्याच्या कडेला आली. मी जाऊन विचारलं, हे काय नवीन. चाचांनी मला समजावलं ते अगदी शाळेतल्या गुरुजींसारखं.

"माणसाचं तोंड दिसलं की डायवर म्हंतो, ह्यानं मला बघितलंय, ह्यो सरकंल. मग त्यो हॉर्न वाजवतो. पाठ दिसली की म्हंतो, ह्या बाबाला ठाऊकच न्हाय मी आलोय. मग पाय आपोआप ब्रेकवर जातो. पाटीला घाबरून ब्रेक मारणारा डायवर मी तरी बघितला न्हाय."

मी म्हटलं, पाटी असून तोटा तरी काय?

"हाय की. पाटी लागल्यापासनं तुमी गॅलरीत यायच्या बंद झालाय. आदी धा मिंटाला येऊन बघत हुता."

हे मला आजही टोचतं, कारण खरं होतं. पाटी ड्रायव्हरसाठी लावली होती आणि वाचली फक्त मी. पोरं आता सुरक्षित आहेत, असं समजून निवांत चहा पीत होते.

गाड्या मात्र खरोखर हळू होऊ लागल्या. पोरांसाठी चाचांचा नियम एकच. चेंडू रस्त्यावर गेला की कुणी हलायचं नाही, सीटपाशी रांग लावायची. चेंडू चाचा आणणार. ते रमतगमत उठत, रस्त्याच्या मधोमध जाऊन चेंडू उचलत, तो झब्ब्याला पुसत आणि परत येत. तोवर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुळीत जायला बंदी. हमीदाचाचींनी सीट घरात नेऊन ठेवली. त्या शनिवारी मी घरी होते, गॅलरीत उभी होते. चेंडू रस्त्यावर गेला. पोरांनी सवयीने रांग लावली, पण समोर फक्त सीटच्या पुढच्या पायांनी मातीत पाडलेले दोन खळगे. रांगेत पहिली रेवा. तिने इकडेतिकडे बघितलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. डबल ट्रॉली भरधाव येत होती. मी ओरडले, ते ट्रॅक्टरच्या आवाजात बुडालं. रेवाचा पाय त्या खळग्यात अडखळला आणि ती थांबली. चेंडू ट्रॉलीखाली फट्कन फुटला. वाढदिवसाचा फ्लेक्स कधीच उतरला होता; पाटी पन्नास पावलांवर स्वच्छ, पिवळीधमक उभी होती.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली, चाचींकडून सीट मागून आणली आणि स्वतः बसले. पहिली मोटारसायकल आली तशी मान वळलीच. रेवा म्हणाली, "आई, चाचा मागे नाही बघत." मग नाही बघितलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला. तो आधी तळपायांना कळतो, मग स्प्रिंगांना, मग कानांना. पाठ उघडी असते म्हणजे काय, ते मला चाळिसाव्या वर्षी समजलं. मागे गिअर पडल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टर हळूहळू निघून गेला. हा माणूस हे रोज अडीच तास करतो, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी सीट पोचवायला गेले. चाचा काळा चष्मा लावून पडले होते.

"चाचा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. रोज वाटती. पोरांकडं बघत बसलं की कमी वाटती."

मग छताकडे बघतच बोलले, "टँकर रातचा असायचा, म्याडम. पोरं निजल्याव मी निघायचो. सकाळी येऊन झोपायचो. माझी झोप मोडू ने म्हणून ही पोरांना लांब खेळाय धाडायची. झोप नसली तर गाडी कुठं घालीन, ह्ये हिला भ्या. तिघं पोरं मोठी झाली, पुण्याला गेली. माझ्या दारात एक पोर खेळताना मी बघितलं न्हाय."

सीट कोपऱ्यात ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोरांना म्हटलं, चला, आज चाचांच्या दारात खेळायचं. पंधरा-वीस जण नवा चेंडू घेऊन तिथे थडकलो. पोरांनी अंगणात पाऊल टाकताच एकच कालवा झाला. हमीदाचाची लगबगीने बाहेर आल्या. एवढ्या वर्षांची सवय, बोट आपसूक ओठांवर गेलं.

"हळू रं, हळू. त्ये निजल्यात."

आतून चाचांचा आवाज आला.

"निजलो न्हाय, हमीदा. वरडू दे त्यांना."