उभ्या गाडीची कमाई

अनोळखी माणूस भेटला की लोक नाव सांगतात, गाव सांगतात. आमचे श्रावणभाऊ सांगतात, "आपन दहाच्या वर ट्रकचे मालक नाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तरी आधी हेच. मुलीला पाहायला पाहुणे आले, त्यांनाही पाणी द्यायच्या आधी हेच सांगून झालं. मग मुलाचा मामा खाकरून म्हणाला, "आमच्याकडंबी नाई."

खरं म्हणजे श्रावणभाऊंचा ट्रक एकच. दहाचाकी. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. चंद्रपूरच्या वीज केंद्राची वसाहत ऊर्जानगर, तिच्या फाटकाबाहेर आमची चाळ आहे, तिथं माझ्या खोलीला लागून त्यांचं घर. कधी वीज केंद्राचा कोळसा, कधी गडचिरोलीकडच्या राइस मिलचा तांदूळ, मिळेल ते भाडं.

या वाक्यामागं कारण आहे. एकदा एका कंपनीनं त्यांच्या भाड्यातून आयकर कापून घेतला. तेव्हा कुणीतरी सांगितलं, दहाच्या वर ट्रक नाहीत असं लिहून द्या, पॅनकार्डाची झेरॉक्स जोडा, कापणार नाहीत. भाऊंनी लिहून दिलं आणि खरंच कापणं थांबलं. सरकारी कागदानं आपलं ऐकलं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. तेव्हापासून ते वाक्य तोंडात आणि झेरॉक्स खिशात. एका लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटातही ती घातली. नवरदेवानं जपून ठेवली म्हणतात, पुढं लागेल म्हणून.

मी ड्रायव्हरांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहिते. पत्रकात दुसऱ्या ओळीपर्यंत शत्रू सापडावा लागतो. श्रावणभाऊंच्या बाबतीत तो पहिल्याच ओळीत सापडला. जो माणूस पहाटे उठून घाटात गाडी घालतो, त्याला कळणार नाही अशा भाषेत त्याच्याच कमाईचा कायदा लिहायचा, आणि कळला नाही तर दंडही त्यालाच. मला याची चीड येते. म्हणून यंदा मे महिन्यात टॅक्सवाल्या वकीलसाहेबांकडं मी त्यांच्यासोबत गेले.

भाऊंनी टेबलावर पिशवी उलटी केली. काळ्या कागदांचा ढीग पडला.

"हे काय आहे?" वकीलसाहेब.

"डिझल."

"आणि हे?"

"तेबी डिझल. हे थोडं कमी काळं हाये ना, हे टायरचं."

पंपावरच्या पावत्या भाऊंनी शिस्तीत डॅशबोर्डवर ठेवल्या होत्या. चंद्रपूरच्या उन्हानं त्या एकजात काळ्या केल्या होत्या. अक्षर म्हणून दिसत नव्हतं. मी म्हटलं, सरकारनं उन्हाचाही विचार करायला हवा. वकीलसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की पावत्या लागतच नाहीत. छोट्या ट्रकमालकांना एक सोपी पद्धत आहे. गाडीच्या वजनावरून दर महिन्याची कमाई धरायची, तिच्यावर कर भरायचा, खर्च वेगळा दाखवायचाच नाही.

भाऊंचा चेहरा पडला. "मंग डिझल गेलं कुठी?"

"त्यातच आलं."

"कशात?"

"धरलेल्या कमाईत."

भाऊंनी काळ्या ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला कळलं असेल अशी त्यांना आशा होती. मला कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

"अन् गाडी उभी असली तं?"

"उभी असली तरी. तुमच्या नावावर आहे ना? मग कमावते, असं धरायचं."

भाऊ काळे कागद पुन्हा पिशवीत भरू लागले. मग हळूच विचारलं, दुसऱ्या कुणाच्या औषधपाण्याचा खर्च आपल्या करातून वजा होतो का. वकीलसाहेबांनी पेन सरसावलं. "नातं काय?"

भाऊंनी छताकडं पाहिलं. पंख्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "क्लीनर."

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

गोंधळलेल्या माणसाचा आणखी एक गोंधळ, असं समजून मी ते सोडून दिलं. माझ्या डोक्यात उभी गाडी बसली होती. कारण भाऊंचा ट्रक दिवाळीपासून खरंच उभा होता. चाळीसमोरची त्याची जागा रिकामी होती. विचारलं की भाऊ म्हणत, एटापल्लीकडं हाये, आणि विषय बदलत. स्वतः ते दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जात होते. मी धरून चालले होते की इंजिन बसलं असणार. म्हणजे मालक रोजंदारीवर, ट्रक गडचिरोलीच्या जंगलात बंद, आणि कागदावर कमाई चालू. पत्रकाचा मथळा मला तिथंच सुचला.

वकीलसाहेबांनी दुसरी वाटही सांगितली. खरा हिशेब दाखवा, पंपाकडून पावत्यांच्या नकला आणा, हिशेबाची तपासणी करून घ्या, गाडी उभी होती याचा पुरावा जोडा, म्हणजे कर वाचेल. नाहीतर टायरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे करात जाणार होते, आणि गुळगुळीत टायरांवर पुन्हा घाट चढायचा म्हणजे जिवाशी खेळ. मी म्हटलं, भाऊ, पुरावा आणू. उभ्या गाडीचा फोटो, सरपंचाचा दाखला.

"राहू दे पोरी."

"काऊन राहू दे? तुमच्या हक्काचं आहे."

"राहू दे म्हन्लं ना."

मी राहू दिलं नाही. पुढच्या रविवारी भाऊ एटापल्लीच्या एसटीत बसले, तेव्हा मी शेजारच्या सीटवर होते. रस्ताभर ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बस मागं घेताना मात्र कंडक्टरची शिटी ऐकून दर वेळी मान डोलवत.

गावाच्या टोकाला एका अंगणात, मोहाच्या झाडाखाली ट्रक उभा होता. चाकांमध्ये कोंबड्या बसलेल्या. आरशावर टॉवेल वाळत घातलेला. केबिनला आतून मच्छरदाणी लावलेली.

"कोन आनली रे सोबत?" केबिनमधून आवाज आला.

"शेजारची पोरगी हाये मामा. गाडी पाहाले आली."

"ब्रेक ऑइल पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"खोटं बोलून राह्यला," मच्छरदाणी मला म्हणाली. "हा असाच हाये. रिव्हर्स घेतानी आरशात पाह्यचाच नाई कधी. माह्या हाताकडं पाह्यचा."

हे रैनूमामा. ट्रक नवा आला तेव्हापासूनचे क्लीनर, भाऊंहून वयानं मोठे. घाटात गाडी मागं घ्यायची तर दरीच्या बाजूला मामा उभे राहायचे. दिवाळीत त्यांचं अर्धं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं, तर खाटेवर डोळ्याला डोळा लागेना. रात्रभर ओरडायचे, गाडी कुठी लावली, गाडी कुठी लावली. भाऊ दाखवायला म्हणून ट्रक घेऊन आले आणि मामांना उचलून सीटमागच्या त्यांच्या फळीवर ठेवलं. मामा झोपले. दुसऱ्या दिवशी गाडी काढायची म्हटली, तर काढवेना. मला हे मामांच्या सुनेनं चूल पेटवता पेटवता सांगितलं.

तोवर भाऊ केबिनमध्ये चढले होते. गाडीचा आरसा समोर धरून त्यांनी मामांची दाढी केली. अंग पुसलं. शिव्या खाल्ल्या. ऊन उतरल्यावर ते स्टिअरिंगमागं बसले आणि इंजिन सुरू केलं. एका झटक्यात सुरू झालं. काही बिघडलेलं नव्हतं. गाडी जागची हलली नाही, नुसती थरथरत राहिली. कोंबड्याही उठल्या नाहीत, त्यांना सवय असावी.

बऱ्याच वेळानं मामांचा आवाज आला. "कुठी आलो रे?"

"आलापल्ली सोडलं, मामा."

"हळू घे. पुढं वळन हाये."

"हो मामा."

भाऊंनी खरंच पाय ढिला केला. इंजिनाचा आवाज उतरला.

फोटोसाठी काढलेला मोबाइल माझ्या हातात होता. मी तो पिशवीत टाकला. सरपंचाकडंही गेले नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र मी भांडले. मामांचं सोडा म्हटलं, कलम चूक ते चूकच. उभ्या गाडीची कमाई कोण कशी धरतं?

भाऊ पहिल्यांदा हसले. "मले त्या कायद्यातलं तेवढंच समजलं, पोरी."

मग आम्ही पुन्हा वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी विचारलं, पुरावा आणला? भाऊंनी मान हलवली. नाही. मग सोपीच पद्धत लावू? बाराही महिने गाडीनं कमावलं, असं धरू?

"धरा. कमावलं तिनं."

वकीलसाहेब लिहू लागले. भाऊंनी खिशातून पॅनकार्डाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. वकीलसाहेबांकडं एक आधीपासून होती. तरी ठेवली.

"अन् साहेब, आपन दहाच्या वर..."

"माहीत आहे, भाऊ."

पत्रक मी लिहिणारच आहे. कलम अन्यायाचंच आहे. फक्त उदाहरणासाठी दुसरी गाडी शोधते आहे.