करंजकर सरांचा आरसा

साल एकाहत्तर. मी तेवीस वर्षांचा, शिक्षण चौथी. द्वारका चौकात माझं सुतारकामाचं दुकान. त्या वर्षापासून करंजकर सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला निघाले की सायकलच्या कॅरिअरला न्हाव्याकडे असतो तसला आरसा बांधलेला असायचा.

"सर, कॉम्प्युटरचा भांग पाडायचाय का?" मी ओरडायचो.

"शून्य," सर म्हणायचे.

होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. घरीसुद्धा तेच. बाई, म्हणजे सरांच्या मिसेस, विचारायच्या, "आमटी कशी झालीय?" तर म्हणे, "एक." एकदा त्या वैतागल्या, "अहो, बरी आहे, ठीक आहे, असं काही म्हणा की!" सर म्हणाले, "दिवा अर्धा लागत नसतो."

आम्हाला कॉम्प्युटर तेव्हा ऐकूनच माहीत. सरांनी पोरांसाठी तो बनवायचाच ठरवला. दिवे, बटणं देवळाली कॅम्पातल्या लष्कराच्या भंगारातून आणली. सागवानी फळी माझी, पायांसकट. बटणं दाबली की ती बेरीज करायची आणि उत्तर दिव्यांत दिसायचं. दिव्यांखाली कोरायच्या आकड्यांची चिठ्ठी सरांनी दिली: आठ, चार, दोन, एक. मास्तर घाईत उलटं लिहून गेले, असं समजून मी नीट कोरलं. एक, दोन, चार, आठ. माझ्या हातचं काम चुकत नाही.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं. सरांनी फळी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "एक," आणि मी कोरलेल्या आकड्यांप्रमाणेच दिवे जोडले.

आता बाई नाहीत. सर एकटेच असतात. कॉलेजनं काढून टाकलेली फळी त्यांच्या बैठकीत आहे. संध्याकाळी मी जातो, चहा करतो, सर बटणं दाबतात.

परवा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला, तोही रिटायर झालेला. फळी पाहून खो खो हसला.

"सर, आरसा कुठाय? मोठा आकडा डावीकडे हवा, त्या सुतारानं उलटे कोरले म्हणून आम्ही चार वर्षं आरशात बघून कॉम्प्युटर शिकलो!"

"गप्प बस," सर म्हणाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तो गेल्यावर मी विचारलं, "पन्नास वर्षं बोलला का नाही? दुसरी फळी दिली असती."

सरांनी कप खाली ठेवला. "तू त्या दिवशी शकूला घेऊन आला होतास, रंगनाथ. नवी नवरी तुझी. आकड्यांवरून बोट फिरवत होती. तिच्यासमोर काय सांगू?"

"मग नंतर सांगायचं."

"नंतर तू दर जूनला आपणहून पॉलिश करायला यायला लागलास."

सगळ्या जन्मात सर तेवढं एकदाच खोटं बोलले, ते त्या दिवशीचं "एक". शकूला जाऊनही आता नऊ वर्षं झाली. घरी आलो, पण जेवण गेलं नाही. राग आला होता लय, कुणावर ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांकडे गेलो. फळीला हात लावला नाही. कपाटामागचा आरसा ओढून काढला, दुकानात आणला आणि त्याला सागवानी चौकट करायला बसलो, फळीसमोर उभा राहावा म्हणून तिच्यासारखेच पाय लावून.