वणवा ऑप्शनला

बाळांनो, एका जंगलात दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. म्हणून तिथे एक आगराखा नेमलेला असे. धूर दिसला की टेकडीवरून हाळी द्यायची आणि सगळ्यांना नदीकडे पळवायचं, हे त्याचं काम. त्यासाठी परीक्षा द्यावी लागे.

यंदा गेनू नावाच्या रानडुकराने अर्ज भरला. पुस्तक आणून दहा महिने झाले होते. गेनू ते उशाला घ्यायचा. परीक्षा उद्यावर आली तेव्हा मात्र नापास होऊन चालणार नव्हतं. कारण बायकोने जंगलभर सांगून ठेवलं होतं, "आमचे हे अभ्यास करतायत."

शेजारच्या माळावरच्या टिटवीनेही अर्ज भरला होता. तिचं पुस्तक तीनदा वाचून झालं होतं.

"टिटवीताई, थोडक्यात सांगता का?"

"थोडक्यात कसं सांगू, गेनूभाऊ? आधी वारा ओळखायला शिकावं लागतं. चला, दाखवते."

एवढा वेळ कुणाला होता? गेनू तडक मुंगसेसरांच्या बिळाशी गेला. बिळावर पाटी होती, 'एका दिवसात आगराखा'.

सरांनी पुस्तक चाळलं. "सातवा धडा पाच वर्षांत एकदाही आलेला नाही. ऑप्शनला टाका."

"सर, सातवा धडा वणव्याचा आहे."

"आलाय का कधी?"

"नाही."

"मग? बाकीच्या धड्यांची पहिली आणि शेवटची ओळ पाठ करा. करवंदाच्या रसाने अधोरेखित करा. काहीच आठवलं नाही, तर 'अनन्यसाधारण महत्त्व आहे' असं लिहा. अस्वलसाहेब पेपर वजनावर तपासतात."

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, 'वाऱ्याचे प्रकार सांगा'. टिटवीने चार ओळींत चार वारे लिहिले. गेनूने वाऱ्याचं अनन्यसाधारण महत्त्व सात पानं लिहिलं. गेनू पहिला आला, टिटवी नापास झाली.

चैत्रात एका दुपारी गेनूला टेकडीमागे काहीतरी करडं वर येताना दिसलं. धुकं असेल, असं त्याला वाटलं. तरी खात्री करावी म्हणून त्याने सातवा धडा उघडला. पानं कोरी करकरीत होती. दुसऱ्या पानावर येईपर्यंत त्याच्या शेपटीला चटका बसला.

तेवढ्यात टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. सगळे नदीकडे धावले. गेनूही धावला. पलीकडच्या काठावर त्याने आपली पिलं मोजली. पाचही होती. तो मान खाली घालून टिटवीकडे गेला.

"ताई, तुमच्यामुळे वाचली."

"आधी त्यांना पाणी पाजा," टिटवी म्हणाली.

चौकशी बसली. सिंहमहाराजांनी विचारलं, "हाळी कुणी दिली?"

"मी," टिटवी म्हणाली.

"तुम्ही पास आहात?"

"नाही."

विनापरवाना ओरडल्याबद्दल टिटवीला ताकीद मिळाली. गेनूला ते सहन झालं नाही. तो पुढे झाला. "महाराज, खरं सांगतो. मला वणव्यातलं काहीच कळत नाही."



"मग हाळी द्यायचं काम तुम्हाला जमायचं नाही," महाराज म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून पेपर तुम्ही काढा."

तात्पर्य : वर्षभर वाचणाऱ्याला काम येतं, आदल्या दिवशी वाचणाऱ्याला नोकरी लागते. तेव्हा बाळांनो, आदल्या दिवशीच वाचा. फक्त घर टिटवीच्या शेजारी घ्या.